मर्यादेचें गणित

मालवणसमोरील कुरटे बेटावर शिवछत्रपतींनीं 1664 सालीं सिंधुदुर्ग बांधावयास घेतला. त्या बेटाभोंवतीं पाण्याखालीं खडक पसरलेले आहेत. गलबत पाण्यांत किती बुडतें, भरती किती चढली आहे आणि वारा कोठून वाहतो, हें जाणणारा तांडेलच तें सुखरूप आंत आणी. नारळी पौर्णिमेपूर्वीं होडी समुद्रांत लोटूं नये, हा दंडकही याच अनुभवांतून आला. मर्यादा आधीं ठरलेली असली म्हणजे संकटाच्या घटकेस वादास जागा राहत नाहीं.

याच किनाऱ्यावर, चिपी येथील जांभ्या दगडाच्या सड्यावर, 9 ऑक्टोबर 2021 रोजीं विमानतळ सुरू झाला. त्याची धांवपट्टी 2,500 मीटर लांबीची आहे. सड्यावरील धांवपट्टी जेथें संपते, तेथून उतार फार दूर नसतो; म्हणून वैमानिकास आपल्या विमानाच्या मर्यादा मुखोद्गत असाव्या लागतात.

या मर्यादा कारखानदार चांचण्या घेऊन ठरवितो. बोइंग 737-800 जातीचें जेट विमान जास्तींत जास्त सुमारें 79,000 किलो वजनानिशीं उडूं शकतें. परंतु उन्हानें हवा विरळ झाली कीं आंखूड धांवपट्टीवर तेवढें वजन झेपत नाहीं. प्रत्येक उड्डाणापूर्वीं एक निर्णयवेग काढलेला असतो. तो गांठण्यापूर्वीं बिघाड झाला तर थांबावयाचें; गांठल्यावर उडावयाचेंच. उतरतांना पाठीमागच्या वाऱ्यासही ताशीं 10 किंवा 15 सागरी मैलांची सीमा असते, कारण तो वारा धांवपट्टी खाऊन टाकतो.

दक्षिणेस मंगळूरचा विमानतळ अशाच सड्यावर आहे. तेथील धांवपट्टी सुमारें 2,450 मीटरांची. 22 मे 2010 रोजीं सकाळीं दुबईहून आलेलें 737-800 विमान प्रमाणापेक्षां उंचावरून व अधिक वेगानें खालीं आलें. सहवैमानिकानें, उतरणें सोडून पुनः वर जावें, असें तीनदां सुचविलें. यंत्रानेंही इशारे दिले. तरी विमान उतरविण्यांत आलें. चाकें टेंकलीं तेव्हां अवघे सुमारें 850 मीटर उरले होते. विमान कड्यावरून खालीं गेलें. 166 जणांपैकीं 158 दगावले, 8 वांचले.

चौकशींत मुख्य वैमानिकानें उतरणें न सोडल्याचा ठपका आला. मर्यादा पुस्तकांत होती, आणि ती बोलून दाखविणारा शेजारींच बसला होता. तांडेल कितीही जुना असो, मालवणच्या खडकांनीं कोणाचें वय कधीं विचारलें नाहीं.