दंड, ताप आणि विसार

जर्मनीत गाडी वेगमर्यादेच्या वर गेली की काही दिवसांनी घरी सरकारी पाकीट येतं. आत फोटो, तारीख, वेग आणि भरायची रक्कम. या रकमेला तिथे ‘बूसगेल्ट’ म्हणतात. त्यातलं ‘गेल्ट’ म्हणजे पैसे. ‘बूसे’ हा मात्र चर्चमध्येही ऐकू येणारा शब्द. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूचा उपदेश ज्या आज्ञेने सुरू होतो, ती आज्ञा आजच्या जर्मन लूथर-बायबलात ‘बूसे करा’ अशी छापलेली असते. मराठी बायबलात त्या जागी आहे ‘पश्चात्ताप करा’. एकाच आज्ञेतून जर्मन माणसाच्या हाती दंडाची पावती पडते आणि मराठी माणसाला आच लागते.

मुळात त्या आज्ञेत ना पावती होती, ना आच. होतं ते वळण.

हिब्रू भाषेत ‘शूव’ म्हणजे वळणं, परत फिरणं. हे रोजच्या रस्त्यावरचं क्रियापद. घरी परतणारा माणूस, माघारी येणारं सैन्य, सगळ्यांना तेच चालतं. हिब्रू बायबलात ते हजाराहून अधिक वेळा येतं, आणि त्यातल्या कितीतरी ठिकाणी धर्माचा काही संबंध नसतो. होशेय, यिर्मया या संदेष्ट्यांनी ते उचलून माणसाच्या जगण्याला लावलं: चुकीच्या वाटेवर आहात, मागे फिरा. त्याच्या जोडीला दुसरा एक शब्द होता, ‘नाखम’. मनाला लागणं, वाईट वाटून बेत बदलणं, असा त्याचा अर्थ. गंमत अशी की, हा शब्द देवालाही लागतो. योनाच्या गोष्टीत निनवे शहराचा राजा राखेत जाऊन बसतो, माणसांबरोबर गुराढोरांनाही गोणपाट घातलं जातं, लोक वाईट वाटेवरून ‘शूव’ करतात आणि ते पाहून देव ‘नाखम’ करतो. पुढे यहुदी धर्मगुरूंनी ‘शूव’पासून आलेल्या ‘तेशुवा’ या नामात सारा विषय भरला. आजच्या इस्रायलमध्ये हाच शब्द साध्या ‘उत्तरा’लाही वापरतात. हाक आली की मागे वळून दिलेलं ते उत्तर, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

हिब्रू शास्त्र ग्रीकमध्ये आलं तेव्हा या दोन शब्दांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ‘वळणं’ दाखवायला ग्रीकमध्ये वेगळी क्रियापदं होती. ‘मेटानोइया’ या शब्दाचं क्रियापद अनुवादकांनी बहुतेक वेळा ‘नाखम’साठी खर्च केलं. मेटा म्हणजे नंतर, नूस म्हणजे मन किंवा बुद्धी. मागाहून सुचलेलं शहाणपण! चौथ्या शतकातला लॅटिन कवी ऑसोनियस याने एका कवितेत संधी नावाच्या देवीची मूर्ती रंगवली आहे. तिच्या कपाळावर केस, मागे टक्कल. पुढून आली तर धरता येते, गेली की हाती काही लागत नाही. तिच्या शेजारी उभी असलेली बाई म्हणजे मेटानोइया. संधी गेल्यावर उरते ती. नव्या करारात बाप्तिस्मा देणारा योहान आणि येशू लोकांना हाक देतात ती याच शब्दाने, पण तिथे तो चुकचुकण्यापुरता राहत नाही. ‘शूव’चं सगळं वजन त्याच्यावर येऊन पडलेलं असतं.

मत्तयाने हा फरक फार बारकाईने जपला आहे. तीस नाण्यांसाठी येशूला धरून देणाऱ्या यहूदाला पुढे केल्याचं वाईट वाटतं, तो नाणी परत करतो आणि गळफास घेतो. त्याच्या या वाईट वाटण्याला मत्तय ‘मेटानोइया’ म्हणत नाही. ‘मेटामेलोमाई’ असं दुसरंच क्रियापद वापरतो. म्हणजे जीव जाळणं निराळं आणि वळणं निराळं.

लॅटिनने हा फरक पुसून टाकला. जेरोमने चौथ्या शतकाच्या अखेरीस शुभवर्तमानांचा जो लॅटिन पाठ सिद्ध केला, त्यात येशूची आज्ञा ‘पेनितेन्तिया करा’ अशी आहे, आणि यहूदाला फासापर्यंत नेलं तेही ‘पेनितेन्तिया’नेच. शिवाय ग्रीकमध्ये एका क्रियापदात मावणारी गोष्ट आता नाम अधिक ‘करा’ अशी झाली. (मराठी ‘पश्चात्ताप करा’ची घडणही नेमकी तीच.) धोका जाणत्यांना कळत होता. तेर्तुलियनने जेरोमच्या जवळपास दोनशे वर्षं आधीच लिहून ठेवलं होतं की, ग्रीक शब्द गुन्ह्याच्या कबुलीतून आलेला नाही, मन बदलण्यातून आलेला आहे. लॅक्टान्टियसने तर ‘शुद्धीवर येणं’ या अर्थाचा दुसरा लॅटिन शब्दही सुचवला. तो चालला नाही.

आणि एकदा ‘करा’ म्हटलं की पाठोपाठ प्रश्न येतोच: किती?

सुरुवातीचं उत्तर कडक होतं. बाप्तिस्म्यानंतर मोठं पाप घडलं तर जाहीर प्रायश्चित्ताची संधी आयुष्यात एकदाच. हिशेबी लोकांनी यावर तोड काढली, बाप्तिस्माच लांबवायचा! सम्राट कॉन्स्टन्टाइनने तो घेतला 337 मध्ये, मरणाच्या दारात. सम्राट थिओडोसियसला ही सोय नव्हती; त्याचा बाप्तिस्मा झालेला होता. 390 मध्ये थेस्सलनीका शहरात त्याच्या हुकमाने कत्तल झाली, तेव्हा मिलानचा बिशप अँब्रोज याने त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवलं आणि राजवस्त्रं उतरवून चारचौघांसारखं प्रायश्चित्त घ्यायला लावलं.

आयर्लंडच्या मठांनी वेगळी रीत काढली. सहाव्या शतकापासून तिथे पापांची दरपत्रकं तयार झाली: अमुक पापाला इतके दिवस भाकर-पाणी, तमुक पापाला इतकी वर्षं हद्दपारी. कबुली खासगीत द्यायची, आणि हवी तितक्या वेळा. कोलंबानस नावाच्या भटक्या साधूने ही पद्धत युरोपच्या मुख्य भूमीवर नेली. स्पेनमध्ये 589 च्या तोलेदो परिषदेने अशा पुन्हापुन्हाच्या कबुलीला नाकं मुरडली, पण लोकांना ती मानवली. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक जाणत्या ख्रिस्ती माणसाला वर्षातून एकदा तरी पाप कबूल करणं सक्तीचं केलं. मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांनी 1577 मध्ये चर्च कसं बांधावं याच्या सूचना काढल्या आणि त्यात कबुलीसाठी मधे जाळी असलेल्या लाकडी आसनाचं वर्णन दिलं. गोव्यातल्या जुन्या चर्चमध्ये दिसणारी जाळीची लाकडी खोपटी त्याच वंशातली. तिथे बसून जे करतात त्याला कोंकणीत ‘कुमसार’ म्हणतात. पोर्तुगीज ‘कोन्फेसार’ने गोव्याच्या जिभेवर धरलेलं ते रूप.

दरपत्रक आलं की सूट येते, आणि सूट आली की ती विकणाराही येतो. 1517 च्या सुमाराला योहान टेट्झेल हा धर्मोपदेशक जर्मनीत क्षमापत्रं खपवत होता. त्याच्या वरिष्ठांच्या सूचनापत्रात ऐपतीप्रमाणे आकार ठरवून दिलेला होता: राजेमहाराजांनी 25 सोन्याची नाणी द्यावीत, कंगालांनी प्रार्थना आणि उपवास करावेत. मार्टिन लूथरने 31 ऑक्टोबर 1517 रोजी जी 95 विधानं पुढे केली, त्यांतलं पहिलंच या एका शब्दावर आहे. येशूला माणसाचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं हवं होतं, असं ते सांगतं. दुसरं विधान म्हणतं की, या शब्दाचा अर्थ चर्चमधला प्रायश्चित्ताचा विधी असा लावताच येत नाही. पुढच्या वर्षी, 30 मे 1518 रोजी त्याने आपले गुरू योहान फॉन स्टाउपिट्झ यांना पत्र लिहिलं. एके काळी सगळ्या धर्मग्रंथांत सर्वांत कडू वाटणारा हा शब्द आता सर्वांत गोड वाटू लागला आहे, आणि त्याला कारण गुरूंचा बोध आणि ग्रीक पंडितांकडून कळलेला ‘मेटानोइया’चा अर्थ, असा त्या पत्राचा आशय. या पंडितांत इरास्मस होता, आणि इरास्मसच्या मागे लोरेन्झो व्हाला. व्हालाच्या बायबलावरच्या टिपा त्याच्या मृत्यूनंतर जवळपास अर्धशतकाने इरास्मसच्याच हाती लागल्या आणि त्याने 1505 मध्ये छापल्या. एवढ्या मोठ्या धार्मिक उलथापालथीच्या मुळाशी व्याकरणाच्या टिपा असाव्यात, हे शब्दकोशात रमणाऱ्यांना सुखावणारं आहे.

गोडी कशातून आली? ‘पुरेसं झालं का’ हा प्रश्न लूथरने माणसाकडून काढून घेतला. मठात असताना तो तासन्‌तास कबुली द्यायचा आणि बाहेर पडल्यावर काहीतरी राहिलं म्हणून परत जायचा. तारण जर देवाच्या वचनावर उभं असेल, तर आपल्या पश्चात्तापाची खोली मोजत बसायचं कारण उरत नाही. इथून पुढे पश्चात्ताप आणि ‘तारणाची खात्री’ यांचं कुळ एकच झालं. कॅथलिक बाजूने 13 जानेवारी 1547 रोजी ट्रेन्टच्या परिषदेने उत्तर दिलं: देवाच्या दयेवर शंका नको, पण आपण निवडलेल्यांपैकी आहोत असं कोणी, देवाने खास प्रकट केल्याशिवाय, ठामपणे सांगू नये. आशा असावी, बढाई नसावी.

पण पुढच्या दारातून घालवलेला प्रश्न प्रोटेस्टंट घरात मागच्या दाराने आला. तारण विश्वासाने होतं, हे खरं. मग माझा विश्वास खरा कशावरून? इंग्लंडात विल्यम पर्किन्सने 1590 च्या दशकात तारणाचा आणि नाशाचा मार्ग दाखवणारा मोठा तक्ताच छापला, बोट ठेवून आपण कुठे आहोत ते बघावं असा. वेस्टमिन्स्टरच्या सभेने 1646 मध्ये मान्य केलं की, खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्री मिळायला बराच काळ लागू शकतो. जॉन वेस्लीला तो लागलाच. दहा वर्षं दीक्षित पाळक असलेला हा माणूस अमेरिकेतल्या जॉर्जियातून हताश होऊन परतला होता. 24 मे 1738 रोजी रात्री पावणेनऊच्या सुमाराला लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका बैठकीत कोणीतरी लूथरची प्रस्तावना वाचत असताना आपल्या अंतःकरणात ऊब जाणवली आणि पापं गेल्याची खात्री पटली, असं त्याने रोजनिशीत लिहिलं. खात्रीला तारीख आणि वेळ मिळाली. ‘तुझं तारण कधी झालं?’ हा प्रश्न मराठी ख्रिस्ती सभांमध्येही विचारला जातो, त्याची एक मुळी त्या रात्रीपर्यंत जाते.

पंडिता रमाबाईंना या प्रश्नाने आठ वर्षं सोडलं नाही. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडातल्या वाँटेज इथे झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे त्यांना उमगलं ते बरंच नंतर, असं त्यांनी आपल्या 1907 च्या साक्षीत सांगितलं आहे. त्याआधी दोन वर्षं, जून 1905 मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडत, ओरडत पापं कबूल करू लागल्या आणि ते लोण पसरत गेलं.

मराठीत मात्र शब्द आयते होते आणि भरलेलेही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापातून सुटण्याच्या साधनांत उघड कबुली आणि अनुताप दोन्ही आहेत. संतांच्या अभंग-ओव्यांत ‘अनुताप’ जागोजाग भेटतो. आणि ‘प्रायश्चित्त’ म्हणजे काय, हे पुण्याने एका चहाच्या पेल्यावरून दाखवून दिलं. 4 ऑक्टोबर 1890 रोजी पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले प्रभृतींपुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशी यांनी ‘पुणे वैभव’मध्ये नावं छापून आणली आणि ग्रामण्य उभं राहिलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी 1892 मध्ये घेतलं. चहा पिण्यात पाप आहे असं रानड्यांना मुळीच वाटत नव्हतं. प्रायश्चित्त पूर्ण, पश्चात्ताप शून्य! ज्या शब्दातून हे साधता येतं तो शब्द लूथरच्या वारसांना येशूच्या आज्ञेसाठी कसा चालावा? प्रोटेस्टंट बायबलात ‘पश्चात्ताप’ बसला, कॅथलिकांच्या घरी राखेच्या बुधवारपासून सुरू होणारा काळ ‘प्रायश्चित्तकाळ’ राहिला. या भांडणाचं मराठी वाटप असं झालं. मूळचं वळण मात्र दोन्ही शब्दांत नाही. ‘पश्चात्‌’ म्हणजे मागाहून, आणि पुढे नुसता ताप. ग्रीकमधल्या ‘मेटा’ची सावली तेवढी उरली.

खात्रीच्या बाबतीत मराठी भाषांतरकार अधिक नशीबवान ठरले. ‘तारण’ या शब्दाला तरून जाणं आणि गहाण ठेवणं हे दोन्ही अर्थ मराठीत आहेतच. प्रेषित पौल आपल्या पत्रांत पवित्र आत्म्याला तीन वेळा ‘अर्राबोन’ म्हणतो. हा व्यापाऱ्यांचा शब्द. सौदा पक्का करताना आधी दिलेली रक्कम. आजच्या ग्रीकमध्ये त्याच शब्दाचं रूप साखरपुड्याला वापरतात. मराठी बायबलात तिथे संस्कृतात न शिरता सरळ बाजारातला ‘विसार’ आला आहे. इथे दंडाच्या पावतीऐवजी विसारपावती आहे आणि पैसे भरणारा देव आहे.

‘अर्राबोन’ ग्रीकांनी सेमिटिक व्यापाऱ्यांकडून घेतला. हिब्रू बायबलात त्याचं मूळ रूप एकाच गोष्टीत येतं, उत्पत्तीच्या 38 व्या अध्यायात. याकोबाचा मुलगा यहूदा याने विधवा सून तामार हिला धाकटा मुलगा द्यायचं कबूल करून टाळलं. ती बुरखा घेऊन रस्त्याकडेला बसली. सासऱ्याने तिला वेश्या समजून करडू द्यायचं कबूल केलं, आणि करडू पोचेपर्यंत तारण म्हणून आपली मुद्रा, दोरी आणि हातातली काठी तिच्याकडे ठेवली. तीन महिन्यांनी ती गरोदर असल्याचं कळताच यहूदाने तिला जाळायला बाहेर काढा असं फर्मावलं. तामारने त्या तीन वस्तू पुढे पाठवल्या. यहूदाने त्या ओळखल्या आणि आपल्यापेक्षा तीच न्यायाने वागली, हे सगळ्यांदेखत कबूल केलं.

तीस नाणी परत करणाऱ्या शिष्याचं नावही यहूदाच.