रेडिओ एक, गाड्या दोन

तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत आमच्या घरातली दोन माणसं वायोमिंगमध्ये, इंटरस्टेट ८० वर, लॅरमी आणि रॉलिन्सच्या मध्ये अडीच तास एका जागी उभी होती. बायको गाडी चालवत होती, मुलगी मागे झोपली होती. वाऱ्याने बर्फ असा उडत होता की पुढच्या ट्रकचे दिवेही मधूनमधून नाहीसे होत. फोनला सिग्नल नव्हता. पुढे अपघात झालाय की रस्ताच बंद केलाय, गाडी चालू ठेवावी की पेट्रोल वाचवावं, काहीच कळायला मार्ग नव्हता. शेवटी शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला आणि काचेवर टकटक करून म्हणाला, "तीन मैलांवर दोन ट्रक आडवे झालेत, एक लेन मोकळी करताहेत. तासभर लागेल. इंजिन अधूनमधूनच चालवा, तुमच्या एग्झॉस्टभोवतीचा बर्फ मी काढून देतो." ही सगळी बातमी त्याला सीबी रेडिओवर कळली होती.

आपल्याकडेही सीबी हवा, हे त्याच रात्री ठरलं. पण आमच्याकडे गाड्या दोन: एक जुनी मिनीव्हॅन आणि एक एफ-१५० पिकअप. (हो, मराठी माणसाने पिकअप घेतला. त्याचा खुलासा मंडळाच्या पिकनिकमध्ये अनेकदा करून झाला आहे.) कोणती गाडी कोण कधी नेईल याचा नेम नाही. दोन रेडिओ घेतले तर एक कायम धूळ खाणार. तेव्हा हातात धरायचा एकच घ्यावा आणि लागेल त्या गाडीत न्यावा, असा साधा सरळ विचार. हा साधा सरळ विचार तडीस न्यायला इंजिनिअरिंगच्या डॉक्टरेटला सहा आठवडे लागले. त्यातला बराच वेळ जुना इतिहास वाचण्यात गेला, कारण अडचणीचं मूळ तिथेच होतं.

सामान्य नागरिकाच्या हातात रेडिओ द्यायची कल्पना मुळात खिशात मावणाऱ्या यंत्राची होती. क्लीव्हलंडमध्ये वाढलेल्या अल ग्रॉस नावाच्या मुलाने १९३८ मध्ये हातात धरून बोलायचा रेडिओ बनवला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन हेरखात्याने त्याला हाताशी धरलं. शत्रूच्या प्रदेशातल्या हेराने डोक्यावरून जाणाऱ्या विमानाशी बोलावं, अशी 'जोन-एलिनॉर' ही यंत्रणा उभी करण्यात त्याचा हात होता. युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, एफसीसीने ४६० ते ४७० मेगाहर्ट्झचा पट्टा नागरिकांसाठी राखून ठेवला, आणि १९४८ मध्ये ग्रॉसच्या कंपनीच्या संचाला मान्यता मिळाली. डिक ट्रेसी या चित्रकथेतल्या गुप्तहेराच्या मनगटावर जो रेडिओ आला, तोही ग्रॉसची यंत्रं पाहूनच सुचलेला.

इथे थोडं गणित, नाइलाजाने. ४६० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ६५ सेंटीमीटर. अँटेना तिच्या पाव हिश्शाची असली की काम चोख होतं, म्हणजे जेमतेम १६ सेंटीमीटर. हातात धरायला अगदी योग्य. पण त्या काळच्या व्हॅक्यूम ट्यूबच्या तंत्रात एवढ्या उच्च कंपनसंख्येचे संच महाग पडत, आणि सामान्य गिऱ्हाईक तिकडे फिरकेना. म्हणून ११ सप्टेंबर १९५८ पासून एफसीसीने 'क्लास डी' सेवा सुरू केली: २७ मेगाहर्ट्झच्या आसपास २३ चॅनेल, स्वस्त संच. सुतार, प्लंबर, छोटे दुकानदार यांनी वापरावेत अशी अपेक्षा. पण २७ मेगाहर्ट्झची लहर ११ मीटर लांब, आणि तिचा पाव हिस्सा पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट! एवढी काठी हातात धरून कोण हिंडणार? रेडिओ स्वस्त झाला आणि त्याच दिवशी गाडीला जखडला गेला.

पुढची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असेल. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवलं, आणि जानेवारी १९७४ मध्ये निक्सन यांनी ताशी ५५ मैलांच्या वेगमर्यादेच्या कायद्यावर सही केली. मैलांवर पैसे मिळणारे ट्रकवाले भडकले. त्याआधीच, डिसेंबर १९७३ मध्ये, त्यांनी पेनसिल्व्हेनियात याच इंटरस्टेट ८० वर अस्सल देशी म्हणावा असा रास्ता रोको केला होता. बातमी ट्रकमागून ट्रक सीबीवरून पसरत गेली. डिझेल कुठे मिळतंय, पोलीस कुठे दबा धरून बसलेत, सगळं हवेतून कळू लागलं. हायवे पोलिसाची टोपी वनखात्याच्या जाहिरातीतल्या स्मोकी अस्वलासारखी, म्हणून पोलीस झाला 'स्मोकी' किंवा नुसता 'बेअर'. आपल्याकडे ट्रॅफिक हवालदाराला 'मामा' म्हणतात, त्यातलाच प्रकार. खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी १९७६ मध्ये सीबीवर 'फर्स्ट मामा' हे नाव घेतलं होतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर शिट्टी घेतलेला पुण्याचा हवालदार उभा राहिला.

सी. डब्ल्यू. मॅकॉलचं 'कॉनव्हॉय' हे गाणं जानेवारी १९७६ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि घरोघरी सीबी आला. मागोमाग चोर आले. डॅशबोर्डखाली दोन स्क्रूंवर लटकलेला रेडिओ, आणि आत माल आहे हे दुरूनच सांगणारी टपावरची लांब काठी. गाड्या फुटू लागल्या. त्यावर बाजारात तोड निघाली ती सरकत्या खाचेची. गाडीत एक पट्टी कायमची बसवायची, वीज आणि अँटेना यांच्या तारा तिच्यात. रेडिओ सरकवला की चालू, ओढला की काखोटीला मारून घरात. लवकरच लोकांच्या ध्यानात आलं की दुसरी पट्टी दुसऱ्या गाडीत बसवली तर तोच रेडिओ तिथेही चालतो. टपावरची काठी लपवण्यासाठी लोहचुंबकाची अँटेना होतीच: काढायची आणि डिकीत टाकायची. म्हणजे एक रेडिओ दोन गाड्यांत वापरायची सोय आम्हा इंजिनिअर लोकांच्या दूरदृष्टीपेक्षा चोरांच्या कृपेने जास्त झाली.

१ जानेवारी १९७७ पासून चॅनेल ४० झाले, १९८३ मध्ये परवान्याची अट गेली, लाट ओसरली. पुढे मोबाइल फोन आला. हातात धरायचे सीबीही निघाले, पण निसर्गनियम तोच. नऊ फुटांच्या जागी वीतभर रबरी शेंडी लावली तर कायद्याने मिळणारे चार वॉट बहुतांशी वाया जातात. त्यात आपण पत्र्याच्या डब्यात बसून बोलणार. ११ मीटरची लहर खिडकीतून बाहेर पडायला नाखूश असते. माझ्या पहिल्या प्रयोगात मी मिनीव्हॅनमध्ये नुसता हातातला संच घेऊन बसलो होतो. अर्ध्या मैलावरचा मित्र "खरखर, खरखर" एवढंच ऐकत होता.

मग मिडलँड ७५-८२२ घेतला. बॅटरीवर हातात चालतो, आणि सोबतच्या अडॅप्टरने गाडीतली वीज आणि बाहेरची अँटेना दोन्ही जोडता येतात. सरकत्या खाचेचाच हा नातू. मिनीव्हॅनच्या टपावर चुंबकाची अँटेना ठेवली, एसडब्ल्यूआर मीटर लावून १, २० आणि ४० या चॅनेलवर मोजलं आणि काठी कमीजास्त करून आकडा दीडच्या खाली आणला. संचातून निघालेली शक्ती अँटेनेतून बाहेर न पडता किती परत फिरते, ते हा आकडा सांगतो. तीनच्या वर गेला तर संच जळायची भीती. विजयी मुद्रेने तीच अँटेना पिकअपवर ठेवायला गेलो आणि ती घरंगळून खाली आली. २०१५ च्या मॉडेलपासून एफ-१५० ची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, तिला चुंबक चिकटत नाही! मला नुसतं हसणारी बायको म्हणाली, "पीएचडीत मटेरियल्सचा पेपर नव्हता का?"

होता. पण खरा धडा वेगळाच होता. गाडीचा टप हा अँटेनेचाच अर्धा भाग असतो. टप बदलला की जुळणी बिघडते, चुंबक चिकटला तरीही. रेडिओ दोघांत वाटून घेता येतो, अँटेना नाही. पिकअपसाठी वेगळी, क्लॅम्पने बसवायची अँटेना घेतली आणि तिची जुळणी तिथेच, स्वतंत्र केली.

काही मित्र विचारतात, सीबीच का? दोन गाड्या एकत्र सहलीला निघाल्या आणि आपसांतच बोलायचं असेल, तर सीबी घेऊ नका. १९९६ मध्ये सुरू झालेली एफआरएस, किंवा तिची परवान्याची थोरली बहीण जीएमआरएस, यांचे संच घ्या. जीएमआरएसचा परवाना दहा वर्षांसाठी ३५ डॉलर, परीक्षा नाही, आणि एकात सगळं कुटुंब येतं. या दोन्ही सेवा ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर आहेत, म्हणजे थेट अल ग्रॉसच्या जुन्या पट्ट्यात. तो २००० साली वारला, त्यामुळे आपलं वीतभर अँटेनेचं यंत्र मुलाबाळांच्या हातात आलेलं त्याने पाहिलं असणार. पण बर्फात शेजारी उभा असलेला ट्रक तिथे ऐकत नसतो. तो असला तर सीबीच्या १९ नंबरवर. तिथली भाषा रांगडी असते, मुलं सोबत असली की आवाज कमी ठेवावा लागतो. आणीबाणीसाठी ९ नंबर राखीव आहे, पण आजकाल त्यावर कोणी ऐकत असेलच असं धरून चालू नये.

आता संच स्वयंपाकघरात, किल्ल्यांच्या खुंटीखाली चार्ज होत असतो. जो गाडी नेईल त्याने तो उचलायचा, असा नियम आहे. गेल्या डिसेंबरात लॅरमीला पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की तो घरीच राहिला होता.