कुबरनेटीसमधील कायमस्वरूपी साठवण

कंटेनर बंद पडून नव्याने उभा राहिला की त्याने स्वतःच्या फाइलप्रणालीत लिहिलेले सारे नाहीसे होते. साध्या वेबसर्व्हरचे त्याने काही बिघडत नाही. डेटाबेसचे मात्र सर्वस्व जाते. म्हणून गूगलने २०१४ मध्ये खुल्या केलेल्या कुबरनेटीस या प्रणालीत डेटा कंटेनरबाहेरच्या डिस्कवर ठेवण्याची सोय आहे.

प्रोग्रामर ‘पर्सिस्टंट व्हॉल्यूम क्लेम’ लिहून मागणी नोंदवतो, उदा., २० गिबिबाइट, एका वेळी एकाच नोडला (क्लस्टरमधल्या एका यंत्राला) वापरता येईल अशी. डिस्क कोणत्या प्रकारची, हे ‘स्टोरेज क्लास’ ठरवतो. त्यानुसार सीएसआय (कंटेनर स्टोरेज इंटरफेस) या प्रमाणित पद्धतीचा ड्रायव्हर क्लाउडकडून डिस्क तयार करून घेतो, तिची ‘पर्सिस्टंट व्हॉल्यूम’ म्हणून नोंद होते आणि पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा गट) ज्या नोडवर जाईल तिथे ती जोडली जाते. पूर्वी साठवणीचे ड्रायव्हर कुबरनेटीसच्या मूळ कोडमध्येच असत, १.१३ आवृत्तीत (डिसेंबर २०१८) सीएसआय स्थिर झाल्यावर ते वेगळे काढता आले.

खरी फजिती झोनपाशी, म्हणजे क्लाउड विभागातल्या स्वतंत्र डेटासेंटर-गटापाशी, होते. ॲमेझॉनची ईबीएस डिस्क एकाच झोनपुरती असते. मुंबई विभागातल्या एका झोनमधली डिस्क शेजारच्या झोनमधल्या नोडला जोडता येत नाही आणि पॉड ‘पेंडिंग’ अवस्थेत अडकून राहतो. यासाठी स्टोरेज क्लासमध्ये ‘वेट फॉर फर्स्ट कन्झ्युमर’ हा पर्याय निवडावा. मग पॉडची जागा ठरल्यावरच डिस्क बनते. दुसरा धोका अधिक महागात पडणारा: अशा आपोआप बनलेल्या डिस्कचे धोरण मुळात ‘डिलीट’ असते, म्हणजे क्लेम काढून टाकला की डिस्कही जाते. डेटा मोलाचा असल्यास ते ‘रिटेन’ करावे लागते.