गिटारीची घरघर

व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक तापला, वादकाने अद्याप तार छेडलेली नाही, तोच ‘घूं’ असा स्वर लागतो. हा स्वर विजेचा. अमेरिकेत तिची आवर्तने सेकंदाला ६०, आपल्याकडे ५०. गिटारीची केबल काढताच तो थांबला, तर दोष केबलीत किंवा गिटारीत समजावा.

गिटारीतील दोषावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी उपाय काढला. गुणगुण मारणारे वेटोळे त्यांनी आधी ध्वनिवर्धकातच योजले होते. गिटारीत त्यांनी दोन वेटोळी शेजारी बसविली. एकाचे चुंबकध्रुव व जोडणी दुसऱ्याच्या उलट. तारेचा नाद दोहोंत मिळून वाढतो, बाहेरून शिरलेली गुणगुण मात्र परस्परांस खोडते. किती साधी गोष्ट! पेटंटचा अर्ज १९५५ चा, अशा गिटारी १९५७ मध्ये निघाल्या, पेटंट मिळाले १९५९ मध्ये. ‘अर्ज केला आहे’ अशी चिठ्ठी डकवलेल्या त्या जुन्या पेट्यांना संग्राहक आज भलते मोल देतात.

केबल काढूनही १०० आवर्तनांची घरघर उरली, तर बहुधा वीजपुरवठ्याचे कंडेन्सर थकलेले असतात. तेथे लव्हर यांची युक्ती चालत नाही; ते बदलावेच लागतात, आणि तेही जाणत्याकडून, कारण यंत्र बंद केल्यावरही त्यांत प्राणघातक भार राहू शकतो.