खेळण्यासारखं पिस्तूल

गेल्या उन्हाळ्यात आई इकडे अमेरिकेत आली होती. कपाटातल्या कुलूपबंद पेटीत काय आहे, असं तिनं विचारलं. मी पिस्तूल काढलं, मॅगझिन वेगळं केलं, नळीत गोळी नाही ना हे दोनदा तपासलं आणि तिच्या हातात दिलं. "अरे, हे तर जत्रेतल्या खेळण्यासारखं लागतंय!" म्हणाली आणि झटकन खाली ठेवलं.

माझं पोटपाणी पॉलिमर संशोधनावर, त्यामुळे ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. तिकडे ९ मिमी बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध. इथे मात्र ते बेताच्या पगारातही परवडतं. कसं काय? उत्तर प्लास्टिकमध्ये आहे.

सुरुवात जर्मनांनी केली. हेकलर अँड कॉखचं व्हीपी७० हे पॉलिमर फ्रेमचं पिस्तूल १९७० मध्ये आलं, पण त्याचा चाप फार जड होता आणि ते फारसं चाललं नाही. मग १९८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्याला जुन्या वॉल्थरच्या जागी नवं पिस्तूल हवं होतं. व्हिएन्नाजवळच्या गास्टन ग्लॉक या कारखानदारानं ते काम अंगावर घेतलं. हा माणूस तोवर पडद्यांच्या दांड्या, सैन्यासाठी सुऱ्या असला माल बनवायचा. पिस्तूल कधी बनवलेलं नव्हतं, पण प्लास्टिक ओतायचं ज्ञान होतं! सुरुवातीचे नमुने तो डाव्या हातानं झाडायचा, फुटलंच तर चित्रं काढायला उजवा हात शिल्लक राहावा म्हणून, असं सांगतात. १९८२ मध्ये सैन्यानं त्याचं ग्लॉक १७ निवडलं. १७ का? तर ते त्याचं सतरावं पेटंट.

खरी गंमत साच्यात आहे. धातूची फ्रेम म्हणजे ठोकळा यंत्रावर कोरत बसायचं. नायलॉनची फ्रेम साच्यात ओतली की झाली. साचा महाग, नग स्वस्त. स्लाइड जिच्यावर धावते त्या पोलादी पट्ट्या फ्रेममध्येच रोवलेल्या. वजन रिकामं सुमारे ६२५ ग्रॅम, जुन्या कोल्ट १९११ च्या जवळपास निम्मं.

माझ्याकडचं मात्र ग्लॉक नाही. ते रुगर पी९५, १९९६ चं मॉडेल, जुन्या बाजारात घेतलेलं. ह्याची फ्रेम काचतंतू घातलेल्या पॉलियुरेथेनची आणि स्लाइड थेट प्लास्टिकवरच धावते! ग्लॉकपेक्षा जाडजूड, ओबडधोबड, पण खिशाला सोसणारं. ह्याला बाहेर हातोडी आहे, पहिल्या गोळीला चाप लांब आणि जड. ग्लॉकला हातोडी दिसतच नाही आणि अंगठ्यानं लावायची सेफ्टीही नाही. सेफ्टी चापातच, म्हणजे बोट चापावर गेलं की ती सुटली. मूळ क्रोएशियातल्या एक्सडीला मुठीच्या मागे आणखी एक सेफ्टी असते. रेंजवर तिन्ही झाडून पाहिली. नेम ग्लॉकचा सरस, पण घरात ठेवायला मला तो जड चापच बरा वाटतो.

१९८६ मध्ये इकडे ओरड झाली, की प्लास्टिकचं पिस्तूल विमानतळावरच्या यंत्राला दिसणार नाही. १९८८ मध्ये कायदाही झाला: यंत्राला निदान ३.७ औंस पोलादाइतका संकेत मिळालाच पाहिजे. ग्लॉकची नुसती नळी आणि स्लाइडच त्याहून कितीतरी भारी! म्हणजे भीती चुकीच्या जागी होती. प्लास्टिकनं पिस्तूल अदृश्य केलं नाही, स्वस्त आणि हलकं केलं, आणि ते घराघरातल्या खणात जाऊन बसलं. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं सुमारे ४८,८०० माणसं गेली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. विमानतळावरचं यंत्र तिथे काय करणार?

असो. आई गेली त्या आठवड्यात मी पेटीची किल्ली कपाटातून काढून स्वतःच्या जुडग्यात अडकवली आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत, वेगळ्या कुलपात ठेवल्या. इंजिनिअरला जे सुचायला हवं होतं ते आईच्या एका वाक्यानं सुचवलं. खेळण्यासारखं लागतं, हाच तर त्याचा धोका.