चाकावरची मोरी

साताऱ्याच्या मावसबहिणीला मी व्हिडिओ कॉलवर आमचं घर दाखवत होते. टेबल खाली केलं की त्याचा पलंग होतो, पलंगाखाली अंथरुणं मावतात, फ्रिज गॅसवर चालतो, सगळं फिरून दाखवलं. तिनं मुकाट्यानं बघून घेतलं आणि विचारलं, "ते सगळं छान आहे गं, पण मोरी कुठाय? पाणी जातं कुठं?"

मला तिची पाठ थोपटावीशी वाटली. आरव्हीच्या, म्हणजे आमच्यासारख्या चाकावरच्या घरांच्या, इतिहासावर मी वाचलेली पुस्तकं चकचकीत पत्र्यावर आणि मोकळ्या रस्त्यांवर पानंच्या पानं खर्च करतात. पाणी जातं कुठं, हे जाता जाता एखाद्या ओळीत येतं, आलं तर. मिशिगनमधल्या इप्सिलँटी गावच्या वाचनालयात स्थानिक इतिहासाच्या कपाटांची राखण मी अठ्ठावीस वर्षं केली. निवृत्तीनंतर ह्यांनी घर विकून ट्रेलर घ्यायचं काढलं, तेव्हा सवयीप्रमाणे मी आधी वाचायला बसले. आता चार वर्षं या घरात काढल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: चाकावरच्या घराचा इतिहास म्हणजे मोरीचा इतिहास. बाकीचं सगळं दुय्यम.

ट्रेलरच्या डाव्या कुशीला एक छोटं दार आहे. ते उघडलं की आमची खरी चीजवस्तू दिसते. पांढरा पाइप फक्त प्यायच्या पाण्याचा. तो दुसऱ्या कशालाही लावायचा नाही, हा नियम आमच्याकडे सोवळ्यासारखा पाळला जातो. त्याच्या तोंडाशी पितळी प्रेशर रेग्युलेटर, कारण कुठल्या कॅम्पग्राउंडचा नळ किती जोरात येईल याचा नेम नसतो आणि आतल्या नळ्या पडल्या प्लास्टिकच्या. झाकणाच्या बादलीत सुरकुत्यांचा तपकिरी पाइप, मैल्याचा. इथले लोक त्याला लाडानं 'स्टिंकी स्लिंकी' म्हणतात. त्याला जोडायचं पारदर्शक प्लास्टिकचं कोपर, म्हणजे पाणी स्वच्छ यायला लागलं की दिसतं. रबरी हातमोजे, चाकांना लावायच्या उट्या, पातळी साधायला प्लास्टिकचे ठोकळे. आणि गाडीच्या पोटात तीन टाक्या: एक ताज्या पाण्याची, एक बेसिन-न्हाणीच्या सांडपाण्याची, तिला करडी म्हणतात, आणि एक संडासाची, ती काळी.

पहिल्याच महिन्यात ओहायोतल्या एका कॅम्पग्राउंडवर ह्यांनी ते कोपर नीट फिरवून बसवलं नाही आणि मी व्हॉल्व्ह ओढला. पुढचं लिहीत नाही. शेजारचे एक आजोबा स्वतःचा पाइप घेऊन धावत आले, आमच्या बुटांवर पाणी मारलं आणि म्हणाले, प्रत्येकाचं एकदा हे होतंच. जाताना क्रमही सांगून गेले. आधी काळी सोडायची, मग करडी. मागून येणारं साबणाचं पाणी पाइप धुऊन काढतं.

आता १९१० सालाकडे या. न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पिअर्स-अ‍ॅरो कंपनीनं 'टूरिंग लँडो' नावाची मोटार मांडली. मागची बैठक उलगडून बिछाना व्हायचा, शोफरच्या बैठकीच्या पाठीतून बेसिन खाली यायचं, शोफरशी बोलायला टेलिफोन होता आणि सोबत शौचाचं एक भांडं. ते भांडं रिकामं कुणी करायचं, हा प्रश्न नव्हता. अशी मोटार घेणाऱ्याच्या पदरी माणसं असतच. श्रीमंतांची मोरी नेहमी दुसऱ्याच्या हातात असते.

पदरी माणसं नसलेल्यांची गोष्ट वेगळी. फोर्डची मॉडेल टी स्वस्त झाली तशी साधी माणसं तंबू, घडीच्या खाटा आणि डबाबंद अन्न गाडीला बांधून थंडीत फ्लोरिडाकडे निघाली. त्यांनी १९१९ मध्ये टँपाच्या डीसोटो पार्कात 'टिन कॅन टूरिस्ट्स' नावाची संघटना काढली. गाडीच्या रेडिएटरच्या टोपणावर रिकामा डबा डकवलेला दिसला की आपला माणूस ओळखायचा. विचिटा गावच्या कोलमन कंपनीची घडीची दोन बर्नरची शेगडी १९२३ च्या सुमाराला आली आणि चुलीचा प्रश्न बहुतेक मिटला. मोरीचा नाही. ती गावांनी पुरवली. शहरांनी मोटारवाल्यांसाठी फुकट तळ उघडले, तिथं नळ, संडास, कपडे धुवायची जागा. डेन्व्हरचं ओव्हरलँड पार्क त्यातलं गाजलेलं. पण येणारे हटेनात, तेव्हा १९२० च्या दशकातच बहुतेक गावांनी पैसे आकारायला सुरुवात केली. बोलताना सगळे आरोग्याचं नाव घ्यायचे. माझ्या मते निम्मं कारण हे, की फुकटात राहणारे गरीब लोक गावाला नको होते.

यापुढची गोष्ट आमच्या मिशिगनची आहे, म्हणून जरा ऐसपैस सांगते. डेट्रॉइटचे आर्थर शर्मन हे जंतुशास्त्रज्ञ. एका औषध कंपनीचे प्रमुख. त्यांनी १९२९ मध्ये सुट्टीसाठी तंबूचा ट्रेलर विकत घेतला. पाच मिनिटांत उभा राहतो, असं विकणाऱ्यानं सांगितलेलं. पहिल्याच रात्री पाऊस आला, तंबू काही उभा राहिला नाही आणि घरदार भिजलं. परत आल्यावर शर्मननी सुताराकडून सहा फूट रुंद, नऊ फूट लांब अशी पक्क्या भिंतींची खोली करून घेतली. मुलांनी तिला गमतीनं 'कव्हर्ड वॅगन' म्हटलं. १९३० च्या जानेवारीत ती डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात उभी राहिली, किंमत ४०० डॉलर. सगळीकडे मंदी, पण मागणी इतकी आली की काही वर्षांत शर्मन देशातले सगळ्यात मोठे ट्रेलरवाले झाले. अर्थतज्ज्ञ रॉजर बॅबसन यांनी तर भाकीत केलं की वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहील.

माणूस जंतुशास्त्रज्ञ, पण त्या काळच्या बहुतेक ट्रेलरांसारखीच त्यांच्याही ट्रेलरची गत: आत शेगडी, बर्फाची पेटी, बेसिन. बेसिनचं पाणी खाली ठेवलेल्या बादलीत. बादली ठेवायची विसरली तर जमिनीवर.

सुट्टीपुरतं हे चालतं. कायम राहायचं झालं की काय होतं ते आमच्या वाचनालयाच्या कपाटात होतं. दुसऱ्या महायुद्धात इप्सिलँटीशेजारी विलो रन इथं फोर्डनं बी-२४ बॉम्बर विमानांचा अवाढव्य कारखाना उभा केला. कामगार लोंढ्यानं आले, दक्षिणेतून, डोंगराळ केंटकीतून. घरं नव्हती. शेताडीत, चिखलात ट्रेलरांच्या रांगा उभ्या राहिल्या. मला आठवतो तो एक फोटो: ट्रेलरच्या दारात उभी असलेली बाई, पायांत रबरी बूट, हातात बादली. बादलीत काय आहे ते दिसत नाही, पण ती कॅमेऱ्यापासून जरा लांब धरली आहे. तळांवर संडास आणि न्हाणीघरं सामाईक, विहिरींचं पाणी दूषित व्हायची भीती कायमची. तो फोटो मी शाळेच्या मुलांना दाखवायची तेव्हा ती विमानाबद्दल विचारायची.

यानंतर पश्चिमेकडच्या वॉली बायम या माणसाची गोष्ट येते, आणि ती सगळ्यांना माहीत असते. त्याची कंपनी एअरस्ट्रीम, तिचा ट्रेलर म्हणजे चांदीची कुपी. १९३६ मधली त्याची 'क्लिपर' गाडी विमानासारखी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची, रिव्हेट मारलेली, किंमत १,२०० डॉलर. सौंदर्याबद्दल मला तक्रार नाही. पण बायमचं मोठं काम मला वेगळं वाटतं. १९५१ मध्ये तो ट्रेलरांचा तांडा घेऊन मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत गेला, १९५९ मध्ये केपटाउनहून कैरोकडे. जिथं नळ नाही, वीज नाही, गटार नाही, तिथं अमेरिकन मध्यमवर्गाला महिनोन्‌महिने राहायचं होतं. एअरस्ट्रीमनं १९५७ मध्ये 'इंटरनॅशनल' हे मॉडेल आणलं: दिवे, गरम पाणी, फ्रिज, संडास, आणि कशालाही बाहेरच्या जोडणीची गरज नाही. घराला स्वतःची मोरी मिळाली. पोटात टाकी आली आणि तिच्यामागून ती रिकामी करायच्या जागा, डंप स्टेशनं. १९६० च्या दशकात इप्सिलँटीला लागून असलेल्या अ‍ॅन आर्बरच्या पंचक्रोशीत थेटफर्ड कंपनीनं प्लास्टिकचे, थोडक्या पाण्यात धुतले जाणारे फिरते संडास बनवायला घेतले. 'पोर्टा पॉटी' हे नाव त्यांचंच. आमच्या गाडीतही थेटफर्डचाच आहे. शर्मन, विलो रन, थेटफर्ड, सगळे तासाभराच्या रस्त्यावर. मिशिगनला लोक मोटारींसाठी ओळखतात; मला त्या मुलखाचं हे दुसरं देणं जास्त जवळचं वाटतं.

फ्रिजबद्दल सांगितल्याशिवाय मात्र राहवत नाही. ज्योतीवर बर्फ होतो, हे आमच्या आईला सांगितलं असतं तर तिनं चेष्टा समजली असती. स्टॉकहोममधले दोन विद्यार्थी, बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स, यांनी १९२२ मध्ये हे यंत्र तयार केलं. पुढे इलेक्ट्रोलक्सनं ते घेतलं. पाण्यात अमोनिया विरघळवलेला असतो. खालची छोटी ज्योत तो उकळून वेगळा करते. वर जाऊन तो थंड होतो, त्याचा द्रव होतो. मग हायड्रोजनच्या सोबतीत त्याची पुन्हा वाफ होते आणि ती होताना फ्रिजमधली उष्णता ओढून घेते. शेवटी पाणी त्याला परत शोषून घेतं. मोटर नाही, पंप नाही, हलणारा एकही भाग नाही. सगळं आपल्या वजनानं वाहतं, आणि म्हणूनच गाडी उभी असताना सपाट हवी. ठोकळे त्याच्यासाठी. टेनेसीत एका रात्री कंटाळून उतारावरच गाडी लावली, "एका रात्रीनं काय होतंय" म्हणून. सकाळी दूध नासलेलं, विरजण लावलेलं दही फसफसलेलं. तेव्हापासून हे आधी पाणसळ ठेवतात, मग माझ्याशी बोलतात.

विनेबेगो कंपनीनं १९६६ पासून आयोवात स्वस्त मोटरहोम काढल्या, न्यूमार कंपनीनं १९९० मध्ये भिंत बाहेर सरकवून खोली रुंद करायची सोय आणली. ते सगळं जाहिरातीत भरपूर सापडतं. कायम रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी मला जास्त महत्त्वाची वाटते ती जो आणि के पीटरसन या जोडप्याची १९७८ ची खटपट. 'एस्केपीज' हा त्यांचा क्लब. टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन गावातून तो हजारोंचं टपाल पुढे पाठवतो. बँक, लायसन्स, मतदान, सगळ्याला पत्ता लागतो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असलं तरी विंचवाला पोस्टाची पेटी लागतेच.

हे मी अ‍ॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटमधून लिहिते आहे. वाळवंट, आणि थंडीत त्यात नजर जाईल तिथवर गाड्या. सरकारी जमिनीवर दीर्घ मुक्कामाची ही सोय १९८३ पासून आहे. दोनशे पावलांत नळ मात्र नाही. गावच्या दफनभूमीत हाय जॉलीचं थडगं आहे: दगडी पिरॅमिड, वर तांब्याचा उंट. हाजी अली या नावाचा हा अपभ्रंश. अमेरिकन सैन्यानं १८५० च्या दशकात वाळवंटासाठी उंट आणले, त्यांच्यासोबत हा आला आणि १९०२ मध्ये इथंच मेला. उंट काही सैन्याला झेपले नाहीत. पाण्याच्या बाबतीत मात्र आमच्या तिन्ही टाक्यांपेक्षा ते शहाणे होते.

करड्या टाकीचा काटा सध्या दोन तृतीयांश दाखवतो. रिकामी केल्यावरही तो तेवढंच दाखवतो. आतल्या भिंतींना साबणाचा थर चिकटला की हे व्हायचंच. म्हणून मी काट्याकडे बघत नाही. कुकर लावला किती वेळा, भांडी घासली किती, यावरून हिशेब ठेवते. ताटं आधी कागदानं पुसून घ्यायची, मग वाटीभर पाण्यात धुवायची. डाळ-तांदळाचं धुवण बाहेरच्या बादलीत जमवायचं आणि डंप स्टेशनला नेऊन ओतायचं.

कपड्यांचं काय, हा मावसबहिणीचा दुसरा प्रश्न. जॉन स्टाइनबेक १९६० मध्ये चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन, मागे खोली बांधलेल्या पिकअपमधून देशभर फिरला, आणि 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली'त त्यानं आपलं धुणं कसं केलं ते लिहून ठेवलं आहे. झाकणाची प्लास्टिकची कचराबादली घ्यायची, ती कपड्यांच्या कपाटातल्या दांड्याला रबरी दोरांनी टांगायची, आत कपडे, पाणी, साबण. दिवसभर गाडी हलते, कपडे घुसळून निघतात. कुणी इंजिनिअरनं नाही, कादंबरीकारानं काढलेली युक्ती. मागच्या महिन्यात यूमाला जाताना आम्ही ती करून पाहिली. टांगायची सोय नव्हती, म्हणून बादली न्हाणीत दोरांनी आवळून ठेवली. संध्याकाळी उघडली तर ह्यांच्या बनियनी पांढऱ्याशुभ्र, माझा गाऊन स्वच्छ. पोळ्यांच्या फडक्यावरची हळद मात्र होती तिथंच होती. शिवाय झाकण थोडं ढिलं राहिलं असणार, कारण न्हाणीभर फेस. तो गेला करड्या टाकीत, आणि काट्यानं दोन तृतीयांशच दाखवलं.