घासलेला गेरू

जव्हार-मोखाड्याकडच्या वारली चित्रांचा विषय निघाला की कुणीतरी मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या प्राचीन शैलचित्रांचं नाव घेतंच. तीच काडीसारखी माणसं, तसाच फेर धरलेला नाच. म्हणजे परंपरा हजारो वर्षांची! पण लग्नघरी लिहिला जाणारा चौक तांदळाच्या पिठाचा आणि भिंत कुडाची, शेणा-गेरूने सारवलेली. ती एका पिढीपुरतीही टिकत नाही. शिवाय भीमबेटका वालुकाश्मातलं, जव्हारचा खडक काळा बेसॉल्ट. नुसत्या साम्यावरून काळ ठरत नाही.

मग कशावरून ठरतो? पुढे पुरातत्त्व सर्वेक्षणात कनिंगहॅम यांचे सहायक झालेले आर्चिबाल्ड कार्लाईल यांना 1867-68 मध्ये मिर्झापूरजवळ सोहागीघाटच्या कपारींत लाल रंगातली चित्रं दिसली. स्पेनमधल्या आल्तामिराच्या चित्रांचा शोध त्यानंतर अकराएक वर्षांनी लागला. कार्लाईल यांनी मात्र हा शोध छापला नाही. टिपणं रेजिनाल्ड गॅटी या पाद्री मित्राकडे राहिली. 1897 मध्ये कार्लाईल वारले. 1906 मध्ये इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथ यांनी ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात त्या टिपणांतला मजकूर दिला, म्हणून आज तो आपल्यापर्यंत पोहोचला आहे.

त्यात शिकारीच्या चित्रांपेक्षा मला मोलाची वाटते ती एक किरकोळ वाटणारी नोंद. कपारीत बारीक दगडी हत्यारांबरोबर गेरूचे खडे सापडले, आणि त्यांच्या बाजू रंगासाठी घासल्यासारख्या गुळगुळीत होत्या. शब्दही त्यांनी ‘गेरू’ हाच वापरला. भिंतीवरचं चित्र आणि जमिनीतलं हत्यार यांना जोडणारा दुवा तो खडा आहे. तरी एवढ्यानं सगळी चित्रं एकाच काळातली ठरत नाहीत. ती वेगवेगळ्या काळांतली असावीत, असं खुद्द कार्लाईल यांनाही वाटलं होतं.

1957 मध्ये पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांनी भीमबेटका उजेडात आणलं आणि चित्रांच्या नकला हातानं उतरवल्या. आता छायाचित्रातले रंग ठळक करणाऱ्या डी-स्ट्रेच या संगणक प्रणालीनं पुसट लाल रेघही पडद्यावर उठून दिसते. जव्हारच्या एखाद्या कड्यावर उद्या अशी रेघ दिसलीच, तर मूळ छायाचित्र, मोजपट्टी, रंगपट्टी आणि पायथ्याच्या मातीची नोंद एकत्र, सर्वांना तपासता येईल अशी ठेवावी लागेल. नेमकं ठिकाण मात्र लगेच जाहीर करू नये. खडकावर नावं कोरणारे आधी पोहोचतात. आणि पायथ्याशी गेरूचा खडा मिळाला, तर तो धुऊ नये.